पंप उठल्यावर

मुंबईत एखादा पेट्रोल पंप बंद होतो तेव्हा नाहीशा होणाऱ्या सगळ्या गोष्टी जमिनीच्या वरच्या असतात. छत उतरते, यंत्रे ट्रकवर चढतात, हवा भरायची नळी जाते, कंपनीचा रंग दिलेली भिंत पडते. मग भोवती पत्रे उभे राहतात आणि पत्र्यांवर येणाऱ्या मनोऱ्याचे चित्र लागते. जमिनीत पुरलेल्या टाक्या रिकाम्या करायच्या, त्यांतली वाफ घालवायची आणि त्या उपसून न्यायच्या किंवा जागीच निकामी करायच्या, ही कामे जपून करावी लागतात. कारण भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीत उरलेली पेट्रोलची वाफ जास्त घातक असते. १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि २००२ चे पेट्रोलियम नियम यांचे सारे लक्ष या आगीकडे आहे. नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संस्था, जिला सगळे ‘पेसो’ म्हणतात, तीही मुख्यतः याच धोक्यावर नजर ठेवते. ही काळजी रास्तच आहे. पण टाकी गेली की प्रश्न मिटला, हे आगीपुरते खरे आहे. पाण्याच्या बाबतीत प्रश्न तिथून सुरू होतो. म्हणून माझे म्हणणे असे की गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत जिथे जिथे इंधनाच्या टाक्या जमिनीत होत्या, तिथे दुसरे काही बांधण्याआधी भूजलाची मोजणी झाली पाहिजे. ती निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा चालली पाहिजे, आणि तिची नोंद त्या जमिनीच्या कागदपत्रांबरोबर कायम राहिली पाहिजे.

अशा जागा या भागात का निर्माण होतात, हे आधी पाहू. जुन्या मुंबईतले कितीतरी पंप एस्सो, बर्मा-शेल आणि कॅल्टेक्स या परदेशी कंपन्यांच्या काळातले. १९७४ ते १९७७ या काळात कायदे करून सरकारने या कंपन्यांचा इथला कारभार ताब्यात घेतला आणि त्यातून आजच्या हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम उभ्या राहिल्या. पंपांच्या जमिनी मात्र पुष्कळदा खासगी मालकांच्या, भाडेपट्ट्यावर घेतलेल्या होत्या. जुन्याच अटींवर पट्टा एकदा वाढवून घेण्याची सोय त्या कायद्यांनी दिली. ती मुदत सरली तेव्हा मालक न्यायालयांत गेले आणि देशभर असे दावे वर्षानुवर्षे चालले. जमीन मोकळी झाली की ती पंपाची राहत नाही, चौरस फुटांची होते. पंप हे फक्त डोळ्यांत भरणारे उदाहरण. गिरण्यांचे आवार, बेस्टची आगारे, लॉऱ्यांचे तळ, जुनी गॅरेजे, या सर्व ठिकाणी कधी ना कधी तेल साठवले गेले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, १९९१ च्या आणि २००१ च्या नियमांनी त्यांच्या जमिनी विक्रीला निघाल्या. जमिनीच्या वाटपावर केवढा वाद झाला. त्या जमिनीच्या पोटात काय आहे यावर मात्र फारसे कोणी बोलले नाही.

टाकी गळत असेल तर ती चालू असतानाच पंपवाल्याला कळणार नाही का, असे कोणीही विचारील. पंपावर रोज डिप घेतात, म्हणजे टाकीत मोजपट्टीची काठी सोडून तेलाची उंची पाहतात आणि विक्रीशी हिशोब ताडतात. पण या मोजणीची बारकाई किती ते पाहावे. सुमारे २ मीटर व्यासाची आणि २० हजार लिटरची आडवी टाकी निम्मी भरली असेल, तर काठीवर एका मिलिमीटरची चूक म्हणजे बारा-तेरा लिटरचा फरक. टाकीच्या सांध्यातून सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर दिवसाला चार लिटरच्या थोडे वर जातात. म्हणजे ही गळती त्या एका मिलिमीटरच्या आत आरामात लपते, आणि वर्षाला दीड हजार लिटर जमिनीत उतरतात. उन्हाने तेल फुगते, वाफ उडते, टँकर रिकामा करताना सांडते. या रोजच्या घट-वाढीत चार लिटर कोण शोधणार? पावसाळ्यात तर गोष्ट उलटते. भूजल टाकीच्या वर चढले की त्याच छिद्रातून पाणी आत येते. पंपावरचे लोक काठीच्या टोकाला पाणी दाखवणारी पेस्ट लावून ते तपासतात, कारण पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळू लागल्यापासून टाकीतले पाणी ही डोकेदुखी झाली आहे. आत आलेले पाणी झाकणाच्या वाटेने आले असेल, तर गोष्ट साधी. ते बुडातून आले असेल, तर ज्या वाटेने जुलैत पाणी आत आले त्याच वाटेने एप्रिलमध्ये पेट्रोल बाहेर गेलेले असते. आजच्या नव्या टाक्यांना दुहेरी भिंती आणि गळतीची सूचना देणारी उपकरणे असतात. पण आपण बोलतो आहोत ते तीस-चाळीस वर्षे खाऱ्या, ओलसर जमिनीत राहिलेल्या एकपदरी पोलादाबद्दल.

आता ही जमीन. गिरगावच्या फणसवाडीपासून खोताच्या वाडीपर्यंतच्या नावांतली ‘वाडी’ ही बागेची आहे. समुद्राकाठच्या या रेताड पट्ट्यात नारळीच्या बागा होत्या, त्या हातभर खोलीवर लागणाऱ्या गोड्या पाण्यावर जगल्या. त्या विहिरी आणि तलाव आता नावांत उरले आहेत: धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक. पाणी मात्र खाली तसेच आहे. परळ-लालबागकडे चित्र वेगळे. तिथे बेटांमधल्या खाजणावर टाकलेली भर आहे, तिच्याखाली खारा चिखल आणि त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण. हिंदमाताचा सखल भाग दर पावसाळ्यात बुडतो म्हणून महापालिकेला प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या मोठ्या टाक्या बांधाव्या लागल्या, यावरून तिथे पाणी जमिनीच्या किती जवळ असते हे समजावे. रेतीत पेट्रोल एका दिशेने हळूहळू पसरते. भरावात ते सांडपाण्याच्या नळाभोवतीच्या सैल खडीची वाट धरते. आणि पाषाणात ते भेगेबरोबर जाते. शेजारच्या प्लॉटची विहीर स्वच्छ आणि रस्त्यापलीकडची बिघडलेली, असे तिथे होऊ शकते.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते भूजलावर तरंगते. तरंगणारे पेट्रोल दिसते तरी. त्यातून पाण्यात विरघळणारी द्रव्ये दिसत नाहीत. त्यांत मुख्य बेंझीन. ते माणसात रक्ताचा कर्करोग घडवते हे निर्विवाद सिद्ध झाले आहे, आणि पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर असू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजच्या पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त १ टक्का. म्हणजे एका लिटरमध्ये जवळजवळ ९ ग्रॅम, आणि तेवढे बेंझीन त्या मर्यादेखाली आणायला जवळजवळ ९ लाख लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचे सुमारे नव्वद टँकर. जुन्या पेट्रोलमध्ये बेंझीन याहून पुष्कळ अधिक असे, आणि १ फेब्रुवारी २००० रोजी देशभर शिशाविरहित पेट्रोल येईपर्यंत त्यात शिशाची संयुगेही असत. त्यामुळे जागा जितकी जुनी, तितकी तपासायच्या द्रव्यांची यादी लांब. नाकावर भिस्त ठेवता येत नाही: पाण्यातल्या नुसत्या बेंझीनचा वास यायला ते या मर्यादेच्या शेकडो पट असावे लागते. चेन्नईच्या तोंडियारपेट भागात २०१३ साली बोअरवेलच्या पाण्याला तेलाचा वास येऊ लागला तेव्हा, बंदरापासून साठवण केंद्राकडे जाणाऱ्या वाहिनीतली गळती उघडकीला आली. ती लोकांच्या नाकाने शोधली, म्हणजेच फार उशिरा शोधली.

मग मोजायचे कसे? सोसायटीच्या बोअरवेलचे पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत दिले की झाले, असे वाटते. ते चालत नाही. बोअरवेल खोल असते आणि तिच्या वरच्या भागात आंधळा पाइप बसवलेला असतो, म्हणून जो थर पाण्यावर तरंगतो तोच तिच्यात येत नाही. शिवाय नेहमीच्या तपासणीत क्षार, कठीणपणा आणि जंतू पाहतात, बेंझीन पाहत नाहीत. त्यामुळे ‘आमच्या बोअरचा रिपोर्ट चांगला आला’ हे वाक्य या बाबतीत काहीच सांगत नाही. निरीक्षण विहीर वेगळी असते. ती उथळ आणि अरुंद असते, आणि तिच्या पाइपला भूजलाची पातळी उन्हाळ्यात जिथे उतरते आणि पावसाळ्यात जिथे चढते त्या सगळ्या उंचीवर चिरा असतात. अशी एक पुरत नाही. तीन विहिरींतली पातळी मोजली की पाण्याचा उतार कुठल्या दिशेला आहे ते कळते. मग टाकीच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला अधिक, अशी रचना करता येते. पाण्यावर तेलाचा थर आहे का हे दोन द्रवांची सीमा ओळखणारी फीत सोडून पाहतात. नमुना काचेच्या कुपीत, बुडबुडा न राहील असा काठोकाठ भरून, बर्फात ठेवून न्यावा लागतो, नाही तर बेंझीन वाटेतच उडून जाते आणि अहवाल खोटाच निर्मळ येतो. चौपाटीजवळ तर भरती-ओहोटीची वेळही लिहून ठेवावी लागते. आणि एकदाच मोजून भागत नाही. पाणी उतरले की तेल त्याच्याबरोबर खाली जाऊन मातीला चिकटते, पाणी चढले की बुडते आणि पुन्हा विरघळू लागते. मे महिन्यात स्वच्छ दिसणारी जागा ऑक्टोबरात तशी असेलच असे नाही. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते ते उगाच नव्हे.

सर्वांत पहिला आणि सर्वांत पटणारा आक्षेप असा की हे पाणी पितो कोण? मुंबईला पाणी तानसा, वैतरणा, भातशाचे. खरे आहे. पण भूजल या शहरात वापरात नाही, हे खरे नाही. २०१९ साली काळबादेवीतल्या विहिरींमधून अकरा वर्षे चोरून पाणी विकल्याचा गुन्हा आझाद मैदान पोलिसांनी नोंदवला, त्यात पाण्याची किंमत ७३ कोटी रुपये धरली होती. आरोपाचे पुढे काय व्हायचे ते न्यायालय ठरवील. एवढ्या पाण्याला गिऱ्हाईक असू शकते हे पोलिसांना मान्य करावे लागले, ते महत्त्वाचे. एप्रिल २०२५ मध्ये भूजलाच्या परवान्यांवरून टँकरवाल्यांनी संप केला तेव्हा शहर चार दिवसांत मेटाकुटीला आले. हे पाणी संडासाला, बांधकामाला, धुण्याला, बागेला जाते. बेंझीन पोटातूनच गेले पाहिजे असे नाही, ते उडून श्वासात जाते. दुसरी वाट याहून नकळती आहे. मुंबईत नळाला पाणी काही तासच असते. उरलेल्या वेळी नळ रिकामा असतो आणि जुन्या सांध्यांतून भोवतालचे पाणी आत ओढले जाऊ शकते. प्लास्टिकच्या काही पाइपांतून तर बेंझीन पाइपाच्या भिंतीतूनच आत झिरपते. तिसरी वाट तळघराची. परळपासून गिरगावपर्यंतचे नवे मनोरे जमिनीखाली दोन-तीन मजले उतरतात. तो खड्डा कोरडा ठेवायला महिनोन् महिने पाणी उपसतात, आणि उपसा म्हणजे भोवतालच्या भूजलाला दिलेले आमंत्रण. शेजारच्या जुन्या पंपाखालचे तेल त्या ओढीने सरकते. बांधून झाल्यावर मातीतली वाफ फरशीच्या फटींतून वर येते. मेट्रो-३ ची गिरगाव, काळबादेवी, दादर ही स्थानके जमिनीखाली आहेत. अशा मोठ्या भिंतींनी भूजलाच्या जुन्या वाटा अडतात आणि वळतात. पाणी प्यायचे नाही म्हणून त्याच्याकडे पाहायचे नाही, ही सोय या शहराला आता उरलेली नाही.

दुसरा आक्षेप शास्त्राचा आहे आणि तो मला सर्वांत आदरणीय वाटतो. मातीतले सूक्ष्मजीव पेट्रोल खातात. अमेरिकेत लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने १९९५ साली कॅलिफोर्नियातल्या गळक्या टाक्यांच्या अडीचशेहून अधिक जागा तपासल्या, तेव्हा बहुतेक ठिकाणी बेंझीन शेकडो फूट पसरत नाही, काही अंतरावर थांबते किंवा मागे सरते, असे आढळले. मग निसर्गावरच का सोपवू नये? सोपवावे, जरूर सोपवावे, पण हा निष्कर्ष आला कुठून ते विसरू नये. तो निरीक्षण विहिरींच्या वर्षानुवर्षांच्या आकड्यांतून आला. निसर्ग काम करतो आहे हे कळायलाही विहीर लागतेच. शिवाय तिथली अभ्यासलेली जमीन मुख्यतः गाळाची, आपल्याकडे भेगांचा पाषाण आणि भराव. त्यात आता इथेनॉलची भर. २०२५ मध्ये देशातले मिश्रण २० टक्क्यांवर पोचले. सूक्ष्मजीवांना इथेनॉल जास्त आवडते. ते आधी इथेनॉल खातात, त्यात मातीतला ऑक्सिजन संपवतात, आणि बेंझीन न खाल्लेले पुढे जाते. त्याच कॅलिफोर्नियात १९९६ साली सांता मोनिका शहराला आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या, कारण पेट्रोलमध्ये मिसळलेले एमटीबीई हे द्रव्य बेंझीनसारखे थांबले नाही. ज्या देशाने १९८४ पासून कायदे करून टाक्यांखाली पाहायला सुरुवात केली, तिथे आजवर साडेपाच लाखांहून अधिक गळत्यांची नोंद झाली. आपल्याकडे अशी नोंदच नाही, म्हणून आपल्या टाक्या गळत नाहीत असे मानणे म्हणजे ताप मोजला नाही म्हणून ताप नाही असे म्हणणे.

आता नियम झाले आहेत, हेही सांगितले जाते. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नवा पंप शाळा, रुग्णालय, वस्तीपासून ५० मीटरवर, आणि अडचण असली तरी ३० मीटरच्या आत नको, असे सांगितले. पण गिरगावचा प्रश्न नव्या पंपाचा नाही. जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे केंद्रीय नियम आले. त्यांत जिल्हा प्रशासनाने संशयित जागांचा सहामाही अहवाल द्यायचा, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसायचा, असे आहे. हे फार मोठे पाऊल आहे. मात्र त्याची सुरुवात संशयापासून होते, आणि पत्रे लावलेल्या रिकाम्या प्लॉटवर संशय घेणार कोण? पंपाचा परवाना ‘पेसो’च्या दप्तरात, इमारतीचा प्रस्ताव महापालिकेत, पाण्याचा अधिकार मंडळाकडे. ‘इथे टाकी होती’ एवढी एक ओळ एका दप्तरातून दुसऱ्यात जायला हवी.

विहिरी तपासून नोंदी ठेवण्याचे काम मुंबईने पूर्वी केलेले आहे. १९०९ साली चार्ल्स बेंटली यांच्याकडे शहरातल्या हिवतापाचा शोध सोपवला गेला. त्यांचा अहवाल १९११ मध्ये आला, आणि डास गटारांत नव्हे, घराघरांतल्या विहिरींत वाढतात हे त्यातून पुढे आले. ते कळले विहिरींत उतरून, विहीर न् विहीर पाहून. विहिरी बुजवण्याला आणि झाकण्याला पारशी आणि हिंदू दोन्ही समाजांतून धार्मिक विरोध झाला, तडजोडी झाल्या, पण कुठल्या विहिरीत काय आहे हे आधी माहीत होते म्हणूनच त्या तडजोडी करता आल्या.

राहिला तो आक्षेप चाळकऱ्यांचा, आणि तो शास्त्राचा नसला तरी सर्वांत जड आहे. उपकरप्राप्त इमारतींतली कुटुंबे पुनर्विकासाची वाट पाहत संक्रमण शिबिरांत नाही तर भाड्याच्या घरांत वर्षे काढतात. त्यांच्या योजनेत शेजारचा जुन्या पंपाचा प्लॉट जोडला गेला, तर आणखी एक परवानगी, आणखी एक अडवणूक, अशी भीती त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. याला उत्तर द्यायचे तर मोजणी आयत्या वेळी, शेवटच्या परवान्याशी येऊन चालणार नाही. ती अगदी आधी सुरू व्हावी. प्रत्येक मनोऱ्याच्या पायासाठी माती आणि खडक तपासायला बोअर मारावेच लागतात. यंत्र आलेले असते, माणसे आलेली असतात, खर्च झालेला असतो. पायाची माहिती मिळाली की ते बोअर बुजवले जातात. टाकी होती अशा प्लॉटवर त्याच यंत्राने तीन-चार उथळ भोके जास्तीची घ्यावीत, त्यांत चिरांचे पाइप बसवावेत आणि झाकणे लावून ती न बुजवता राखावीत, अशी अट आयओडीतच, म्हणजे महापालिकेच्या पहिल्या सशर्त मंजुरीतच, घालता येईल. आयओडी ते सीसी, म्हणजे काम सुरू करण्याचा दाखला, या वाटेवर कागद फिरत असतात ते महिने तसेही जातात. त्याच महिन्यांत एक मे आणि एक ऑक्टोबर मोजून होईल. पाणी स्वच्छ निघाले तर बांधकामाचा एक दिवसही वाया जात नाही. तेल निघाले तर तेलकट माती खणताना निघणारच आहे, फक्त ती कुठे टाकायची, तळघराखाली वाफ अडवणारा पडदा घालायचा का, उपसलेले पाणी थेट पर्जन्यवाहिनीत सोडायचे का, हे खड्डा खणण्याआधी ठरवता येईल आणि त्याचे बिल ज्याची टाकी होती त्याला पाठवता येईल. घर ताब्यात घेतल्यावर हे बिल राहणाऱ्यांच्या सोसायटीकडे येते, आणि तोवर प्लॉटवर निरीक्षण विहीर बसवायला मोकळी जमीन राहिलेली नसते.